वढवाणाला कधी जाऊ? (बडोदा, हिवाळी पक्षी आणि त्यांचे फोटो)

ओरसंगकाठ | ७ डिसेंबर, रात्री ९:१५

थंडी पडायला लागली की व्हॉट्सॲपवर ठरलेला प्रश्न येतो: "काका, वढवाणाला कुठल्या तारखेला जाऊ?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहून ठेवतो. बडोद्याची बरीच मंडळी इथं आहेत, त्यांनी भर घालावी.

तारीख विचारूच नका. पाणी किती आहे ते विचारा.

डभोईजवळचा वढवाणाचा तलाव पक्ष्यांसाठी बांधलेला नाही. १९१० मध्ये, सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, बडोदा संस्थानानं तो शेतीसाठी करून घेतला. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्यानं इथं येतं आणि इथून आसपासच्या गावांच्या शेतांत जातं. २०२१ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) नाव लागलं, मग रविवारी शहरातून गाड्यांची रांग लागायला लागली. तलावाचं मूळ काम मात्र तेच राहिलं. रब्बीला पाणी सोडलं की काठ आत सरकतो, आणि कुठला पक्षी कुठं बसणार हे त्या काठावर ठरतं.

तलाव तुडुंब असेल तर काठाला चिखलच नसतो. मग शेकाट्या, तुतारी, चमचा यांना पाय टेकायला जागा नाही. मधल्या खोल पाण्यात बुड्या मारणाऱ्या लालसरी आणि वारकरी असतात, पण इतक्या लांब की फोटोत मोहरीएवढे ठिपके. पाणी उतरायला लागलं की पाण्यात डोकं आणि वर शेपूट करून खाणारी बदकं काठाकडे सरकतात: थापट्या, चक्रांग, गडवाल. तलवार बदकाची मान लांब, त्यामुळे ते चक्रांगापेक्षा थोड्या खोल पाण्यातही तळ गाठतं. आणखी उतरलं, चिखल उघडा पडला, की तुताऱ्या आणि पाणलावे. एकाच तलावावर, एकाच महिन्यात, पंधरा दिवसांच्या अंतरानं गेलात तर दोन वेगळी संमेलनं भेटतात ती यामुळे.

पट्टकादंब आणि कलहंस या रानहंसांचं गणित वेगळं. हे चरणारे पक्षी. रात्री-पहाटे शेतांत कोवळं गवत, गव्हाची पाती खातात आणि ऊन वर आलं की तलावावर विश्रांतीला येतात. त्यांच्यासाठी सकाळी सात ते नऊ ही वेळ, तीही एका जागी बसून. तलावाला फेऱ्या मारणाऱ्याला ते फक्त उडताना दिसतात, आणि तेही पाठमोरे.

फोटोसाठी म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरची घाई करू नका. विणीनंतर बदकांच्या नरांची पिसं गळतात आणि नवी येईपर्यंत ते मादीसारखेच मळकट तपकिरी दिसतात. नवशिक्यांना वाटतं की सगळ्या माद्याच आल्यात. मोठ्या लालसरीचा नर त्या अवतारातही लाल चोचीवरून कळतो, मादीची चोच काळपट असते. त्याचं केशरी डोकं आणि तलवार बदकाच्या मानेवरची पांढरी रेघ नीट रंगून यायला डिसेंबर उजाडतो. मला स्वतःला जानेवारीचा उत्तरार्ध आवडतो.

सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, सूर्य पाठीशी राहील. एवढं केलं तरी अर्धे फोटो सुधारतात.

---

नवखा_बडोदेकर | ७ डिसेंबर, रात्री ९:५२

काका, जबरदस्त! दोन शंका. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे, त्यावर काही होईल का? लाखाची लेन्स घेतली तर घरचे मला लेन्ससकट बाहेर काढतील. आणि पहाटे पाचला निघायचं तर चहाचं काय?

---

ओरसंगकाठ | ७ डिसेंबर, रात्री १०:०४

चहाची चिंता बडोदेकरानं करू नये. डभोई रस्त्याला फुदिना-गवती चहाची टपरी कुठं ना कुठं उघडी सापडतेच. लेन्सचं फतेगंजवाले सांगतील, त्यांच्या कपाटात कपडे कमी आणि भिंगं जास्त आहेत.

---

फतेगंजवाला | ८ डिसेंबर, सकाळी ७:३०

कपाटाची बदनामी थांबवा, आमच्या सौ. हा धागा वाचतात.

@नवखा_बडोदेकर, आधी दुर्बीण, मग कॅमेरा. हा क्रम उलटा केलेले लोक वर्षभर स्क्रीनवर पक्षी शोधत बसतात. ८×४२ घ्या. आठ म्हणजे आठपट, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठानं भागा, सव्वापाच आले. तेवढ्या मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यात शिरतो. खिशात मावणाऱ्या ८×२१ मध्ये हाच गोल पावणेतीनच्याही आत. दुपारी चालेल, पहाटेच्या धुक्यात काळोख. दहापटीचा मोह सगळ्यांना होतो, पण हात थरथरतो तोही दहापट दिसतो, शिवाय चित्रातला परिसर लहान होतो. उडतं बदक त्यात सापडेपर्यंत डभोई पार करून गेलेलं असतं.

मोबाइल: दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या भिंगाला मोबाइलचा कॅमेरा टेकवून फोटो निघतो. यासाठी स्वस्तात ॲडॉप्टर मिळतात. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकडोळी मोठी दुर्बीण) असेल तर आणखी बरा निघतो. हलणारा पक्षी विसरा. पण लांब बसलेलं बदक कुठलं होतं हे घरी येऊन ठरवायला तेवढा फोटो पुरतो, आणि सुरुवातीला तेच काम महत्त्वाचं.

पुढची पायरी म्हणजे लेन्स न बदलणारा मोठ्या झूमचा कॅमेरा. निकॉन पी ९५० सारख्यात २००० मिमीपर्यंतचा आवाका मिळतो. सेन्सर लहान, त्यामुळे उजेड कमी झाला की फोटो दाणेदार येतो. आमच्या गटातले तथाकथित तज्ज्ञ या कॅमेऱ्यांना नाकं मुरडतात. माझं मत विचाराल तर वढवाणासारख्या पसरट तलावावर, जिथं पक्षी दोनशे मीटरवर बसतो, तिथं हा कॅमेरा हौशी माणसाला जास्त आनंद देतो. १५०-६०० मिमीची लेन्स उत्तम, पण दोन किलोच्या आसपास वजन गळ्यात घेऊन चालायचं आहे हे लक्षात ठेवा.

सेटिंगचं थोडक्यात: शटर बसलेल्याला १/५०० सेकंद, उडणाऱ्याला १/२०००, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. चमचा, बगळा, पेलिकन असे पांढरे पक्षी गडद पाण्यावर असले की कॅमेरा फसतो आणि पिसं जळून सपाट पांढरी होतात. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एखादा स्टॉप, म्हणजे एक पायरी, खाली घ्या. आकाशात उडणारा काळा शराटी असेल तर उलट, एक स्टॉप वर, नाहीतर नुसती सावली उरते.

आता सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखाली कापा. एक टोक दोनदा शिवा. आत दोनेक किलो तांदूळ भरा, गच्च नाही, थोडे खेळते राहतील इतके. दुसऱ्या टोकाला चेन लावा. ही पिशवी बांधावर ठेवा, मधोमध हातानं दाबून खळगा करा, त्यात लेन्स बसवा आणि मागे सतरंजीवर पालथे पडा. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की पलीकडचा काठ लांब जातो, धूसर होतो आणि मधोमध पक्षी. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत पक्ष्याच्या मागे नुसतं गढूळ पाणी येतं. तांदळाला कीड लागते, मार्चनंतर काढून ठेवा.

साडेनऊनंतर लांबचे फोटो धारदार येत नाहीत म्हणून कॅमेरा दुरुस्तीला नेऊ नका. जमीन तापली की वरची हवा थरथरते, त्यातून बघताना चित्र लवलवतं. दहा हजारांची लेन्स असो की दहा लाखांची, हवा दोघींना सारखीच. कडाक्याच्या थंडीत तलावाचं पाणी हवेपेक्षा उबदार असलं तर पहाटेही हा प्रकार होतो. उपाय एकच, जवळच्या पक्ष्याची वाट बघणं.

---

घडियाळीपोळ | ८ डिसेंबर, दुपारी १:१०

पालथं पडायच्या आधी मगर बघा म्हणावं. वढवाणाचं मला ठाऊक नाही, पण आजवा तलावाच्या काठावर किंवा विश्वामित्रीच्या घळीत हा सतरंजीचा प्रयोग कोणी करू नका. 😄

---

डभोईकर | ८ डिसेंबर, रात्री ८:४५

फोटोवाल्यांशी माझं थोडं भांडण आहे, ते इथंच मांडतो.

आमचं शेत तलावाच्या जवळ. कलहंस-पट्टकादंब गव्हात उतरतात तेव्हा आम्हीही त्यांना हाकलतो, खोटं कशाला बोलू. ते आमचं पोट आहे. पण शेढा (शेताचा बांध) सोडून उभ्या पिकातून चालायचं शहाण्या माणसाला काय कारण? गव्हाची पाती दहा बोटं वर आली की शहरातल्या माणसाला ते गवत वाटतं. त्यावर सतरंजी!

मागच्या हिवाळ्यात एक टोळकं आलं होतं. पट्टकादंबांचा थवा काठाजवळच्या पडीक रानात बसलेला. यांच्यातला एक वळसा घालून पलीकडे गेला आणि टाळ्या वाजवत थव्यावर धावला. बाकीचे अलीकडे कॅमेरे लावून तयार. थवा उठला, यांचं झालं. पक्षी परत येऊन बसले, तर अर्ध्या तासानं पुन्हा तेच. माझ्या चुलत्यांनी हटकलं तर म्हणतात, "काका, नाहीतरी उडणारच आहेत ना."

---

पंखपसारा | ८ डिसेंबर, रात्री ९:२०

हे वाईटच, त्याचं समर्थन नाही. पण एक प्रामाणिक शंका आहे. दलदली भोवत्या (शिकारी पक्षी) तलावावरून फिरला की बदकं दिवसातून कितीतरी वेळा उठतात. ऑस्प्रे हा दुसरा शिकारी दिसला की वारकऱ्यांची पळापळ होते. मग माणसानं एखाद्या वेळी उठवलं तर नेमकं काय बिघडतं? आपण उगाच भावनिक होतोय का?

---

ओरसंगकाठ | ८ डिसेंबर, रात्री १०:३०

@पंखपसारा, शंका रास्त आहे.

भोवत्या आला की बदकं उठतात, एक चक्कर मारतात आणि बहुतेक वेळा तिथंच उतरतात, कारण भोवत्या पुढे निघून जातो. माणूस जात नाही. तो तिथंच उभा राहतो, स्क्रीनवर फोटो बघतो, मित्राला हाका मारतो. म्हणजे नुसतं उडणं वाया जात नाही, ती चरायची जागाही त्या सकाळपुरती गेली. आणि भोवत्याचं उठवणं आहेच, त्याच्यावर आपलं वाढीव.

पट्टकादंबाच्या बाबतीत हे जास्त लागतं. हे पक्षी मंगोलिया, तिबेटचं पठार, किर्गिझस्तान या भागांत वीण करतात. परतताना हिमालय ओलांडायचा असतो. पाठीवर यंत्र लावून केलेल्या अभ्यासात काही पक्षी ७,००० मीटरच्या वर उडाल्याचं नोंदलं गेलंय. त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतला प्राणवायू चांगला धरून ठेवतं, हे त्यांचं खास भांडवल. पण ते घारीसारखे तरंगत जात नाहीत, सगळा प्रवास पंख मारत करतात. त्याला लागणारी चरबी फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या डभोईच्या शेतांतच साठते. नेमक्या त्याच दिवसांत फोटोवाल्यांची गर्दी जास्त असते.

थवा उठायच्या आधी सांगतो. आपण ऐकत नाही. सगळे खाली माना घालून चरत असतात. मग एकदोन माना ताठ होतात, तेवढं नेहमीचं, पहारेकरी असतातच. पाचसहा झाल्या की तुम्ही दिसलात. निम्म्या थव्यानं चरणं थांबवलं, हळू आवाजात कुरबुर सुरू झाली, की पुढचं पाऊल टाकू नका. खाली बसा. सरळ त्यांच्या रोखानं चालण्यापेक्षा तिरकं, दुसरीकडेच निघाल्यासारखं चालावं, मध्ये थांबावं. माना पुन्हा खाली गेल्या तर ठीक. नाही गेल्या तर तेवढंच अंतर आपलं.

डभोईकर, शेढ्याचं शंभर टक्के मान्य. माझ्याबरोबर येणाऱ्यांना मी आधीच सांगतो की शेतात कोणी दिसलं तर पहिलं "केम छो" म्हणायचं, मग दुर्बीण काढायची. एकदोन वेळा त्यांनाच दुर्बीण दिली की पुढच्या खेपेला थवा कुठं बसलाय ते तेच सांगतात.

---

डभोईकर | ८ डिसेंबर, रात्री १०:४१

ते खरं आहे. आणि पोंकही (हुरडा) खायला घालतात.

---

घडियाळीपोळ | १० डिसेंबर, सकाळी ११:००

तुमचं वढवाणा तुम्हाला लखलाभ. माझे गुडघे आता गच्चीपर्यंतच नेतात, तर गच्चीचं सांगते.

आमच्या पाण्याच्या टाकीवर दर हिवाळ्यात थिरथिरा येतो. चिमणीएवढा, नराची पाठ आणि छाती काळपट, पोट आणि शेपटीच्या कडा विटकरी. बसला की शेपूट थरथरत राहते, जरा थांबते, पुन्हा थरथरते. मध्येच अंग खाली झुकवतो, जणू कोणाला नमस्कार करतोय. कठड्यावरून खाली झेप, एखादा किडा, परत कठड्यावर. हिवाळाभर तीच टाकी, तोच कठडा, दुसरा थिरथिरा आला की हाकलून लावतो. रोज सकाळी चहा घेऊन त्याच जागी बसले तर चारपाच दिवसांत त्यानं माझी दखल घेणं सोडलं. नातवानं मोबाइलवर त्याचा जो फोटो काढला तो फतेगंजवाल्यांच्या दोन किलोच्या लेन्सला ऐकणार नाही. (फतेगंजवाल्यांच्या सौ. वाचत असतील तर मुद्दाम सांगतेय.)

संध्याकाळी भोरड्या. आमचे गुजराती शेजारी त्यांना वैया म्हणतात. डोकं काळं, अंग गुलाबी, लहान पिल्लं मातकट. खरं तर हिवाळ्याची वाट न बघता पावसाळ्यातच, ऑगस्टच्या आसपास त्या यायला लागतात. झोपायच्या झाडावर उतरण्याआधी अख्खा थवा आकाशात वळसे घेतो. फोटोत ती मजा पकडता येत नाही, व्हिडिओ काढा. आणि त्या झाडाखाली स्कूटर उभी करू नका.

कमाटीबागेलाही लोक विसरतात. १८७९ पासूनची बाग, जुनी झाडं, शेजारून विश्वामित्री. सकाळी पुलावरून बघावं: पाणकावळे पंख उघडून वाळवत बसलेले, खंड्या, ढोकरी, आणि खाली चिखलात मगर ऊन खात पडलेली. थंडीत त्यांना अंग तापवायला उन्हात यावंच लागतं, म्हणून मगरीही याच दिवसांत नीट दिसतात. अख्ख्या देशात असं शहर दाखवा मला, जिथं आठवड्याची भाजी घेऊन घरी जाताना पुलावरून मगर दिसते.

---

पुण्याची_पाहुणी | १३ डिसेंबर, दुपारी ४:२०

माहेरपणाला आलेय. आज टिंबी तलावावर गेलो होतो. फोटो इथं चढत नाहीये, वर्णन करते, कोणी ओळखून द्याल का? पाचसहा तपकिरी ठिपकेदार बदकं. चोच केशरीसर, अंगाच्या मानानं फार मोठी. पाण्यात सगळी एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत होती, चोच पाण्यात घालून. मुलगी म्हणाली गरबा खेळतायत.

---

ओरसंगकाठ | १३ डिसेंबर, दुपारी ४:५०

ताई, थापट्या. बहुतेक माद्या, किंवा अजून न रंगलेले नर. चोचीचं टोक फावड्यासारखं पसरट असतं. गोल फिरून पाणी ढवळतात, तळाचं बारीकसारीक वर येतं, आणि चोचीच्या कडांना जी बारीक दात्यांची रांग असते तिच्यातून गाळून खातात. पुढचीच्या पायांनी ढवळलेलं मागचीला मिळतं म्हणून ही रांग. मुलीला सांगा, गरबाच आहे, प्रसाद मात्र चालू गरब्यातच मिळतो.

नर रंगला की हिरवं डोकं, पांढरी छाती, बाजू विटकरी. पिवळा डोळा बघा.

---

नवखा_बडोदेकर | १५ डिसेंबर, रात्री ८:००

काका, दुर्बीण घेतली! ८×४२! आणि ऑफिसातला एक जण म्हणाला की बागेत एका झाडाच्या ढोलीत घुबडाची जोडी आहे. कुठलं झाड माहितेय का? शिवाय मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवला की बाहेर येतं म्हणतात, खरंय का?

---

ओरसंगकाठ | १५ डिसेंबर, रात्री ८:२५

अभिनंदन. झाड माहीत आहे, सांगणार नाही. राग मानू नका. उघड धाग्यावर ढोलीचा पत्ता पडला की चार दिवसांत खाली फ्लॅश घेऊन वीस माणसं उभी राहतात. ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळसुद्धा धोक्यातल्या काही जातींच्या नेमक्या जागा लोकांना दाखवत नाही, ते याच कारणासाठी. एखाद्या रविवारी बरोबर या, दाखवतो, लांबून.

आवाज वाजवू नका. त्या पक्ष्याला वाटतं घरात दुसरा घुसलाय. खाणं-झोप सोडून तो भांडायला बाहेर येतो आणि आपण म्हणतो "वा, काय पोज दिली!"

---

फतेगंजवाला | ३ जानेवारी, सकाळी ८:१०

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. हौशी लोकांना घेतात, नवख्यानंही जावं. मोजायची पद्धत शिकण्यासारखी आहे. थव्यातले दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्यांनी दुर्बिणीत किती जागा घेतली ते नजरेत बसवायचं, तेवढ्या जागेचे तुकडे थव्यावर टाकत जायचे. मोठा थवा असेल तर पन्नासचा किंवा शंभरचा तुकडा. आणि वारकऱ्यांच्या काळ्या गर्दीत दोनचार लालसरी लपलेल्या असतात, त्या आधी वेगळ्या काढायच्या. पहिल्यांदा करणाऱ्या दोघांचे आकडे कधीच जुळत नाहीत. तासाभरानं जुळायला लागतात.

---

पंखपसारा | ३ जानेवारी, सकाळी ९:००

सारस बघायचे असतील तर खेडा-आणंदकडे भातशेतीच्या भागात जा, परिएज तलावाच्या बाजूला. फार लिहीत नाही, वरच्या सगळ्या सूचना तिथंही लागू.

---

घडियाळीपोळ | १० जानेवारी, सायंकाळी ६:३०

चार दिवसांवर उत्तरायण (संक्रांत). गेल्या वर्षीही आमच्या पोळीत (जुन्या शहरातल्या गल्लीत) एक ढोकरी दोरीत अडकून लटकली होती, म्हणून आधीच लिहितेय.

पतंग उडवू नका असं बडोद्यात म्हणण्याइतकी मी वेडी नाही. मीही फिरकी धरते. पण सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर दोरी खाली घ्या. त्याच वेळी पक्षी झोपायच्या जागेवरून निघतात आणि परत येतात. भोरड्या, बगळे, शराटी, पोपट, सगळ्यांची हीच वेळ. नायलॉनचा मांजा २०१७ पासून देशभर बंद आहे, तरी कोणाच्या ना कोणाच्या फिरकीत सापडतोच. ऊंधियू-जिलबी खाऊन झाली की गच्चीवरच्या तुटक्या दोऱ्या गोळा करून कापून टाका. झाडावर अडकलेली दोरी पुढे महिनोन्‌महिने पक्षी पकडत राहते.

---

फतेगंजवाला | १० जानेवारी, सायंकाळी ७:०५

पक्षी अडकलेला सापडला तर काय करायचं तेही लिहितो. दोरी ओढून काढू नका, पंखाच्या स्नायूत रुतलेली असते, ओढलं की आणखी कापते. दोन्ही बाजूंनी दोरी कापा, अंगातली तशीच राहू द्या. पक्ष्यावर सुती कापड टाका म्हणजे डोळे झाकले जाऊन तो शांत होतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, अंधारात. चोचीत पाणी ओतू नका, श्वासनळीत जातं. मोठे बगळे चोच थेट डोळ्यावर मारतात, तोंड लांब ठेवा. १९६२ या पशुपक्ष्यांच्या मदत क्रमांकावर फोन करा. जखमी पक्ष्यांसाठीचं सरकारचं करुणा अभियान साधारण १० ते २० जानेवारीला चालू असतं, त्या दिवसांत उपचार केंद्रं वाढवलेली असतात.

---

डभोईकर | १९ जानेवारी, रात्री ९:१०

रविवारी कोण कोण येतंय? गाड्या गावाबाहेर लावा, शेवटचं चालत. पोंकाचं आमच्याकडे. शेव आणि लिंबू तुम्ही आणा.

---

नवखा_बडोदेकर | १९ जानेवारी, रात्री ९:१४

मी येतोय. शेव माझी.

---

पुण्याची_पाहुणी | १९ जानेवारी, रात्री ९:३०

मुक्काम वाढवलाय, आम्हीही येतो. एक विचारायचं होतं. मुलगी सात वर्षांची आहे, तिला दुर्बीण हवीय. दुकानात खेळण्यातल्या आहेत, त्या घ्याव्यात का? माझी दिली तर तिला "दोन गोल दिसतात" म्हणते.

---

फतेगंजवाला | १९ जानेवारी, रात्री ९:४८

खेळण्यातली नको, त्यात काहीच दिसत नाही आणि मूल कायमचं कंटाळतं. दोन गोल दिसतात कारण लहान मुलांच्या दोन डोळ्यांतलं अंतर मोठ्यांपेक्षा कमी असतं आणि तुमची दुर्बीण तेवढी मिटत नाही. दुकानात तिला घेऊन जा. दुर्बीण मध्ये पूर्ण दुमडा, तिच्या डोळ्याला लावा आणि विचारा, एक गोल की दोन. एक म्हणाली तर ती घ्या. सहापट किंवा आठपट, ३० मिमीच्या आसपास भिंग, वजन अर्ध्या किलोच्या आत. पट्टा तिच्या उंचीनुसार आखूड करा, नाहीतर चालताना पोटावर आपटते.

रविवारी माझ्याकडची एक जुनी ६×३० आणतो, लावून बघू दे तिला.